सायलोवरील दोन अभियंत्यांपैकी साहेब कोण, हे ठरवण्याबाबत

प्रति,
मा. सहायक कामगार आयुक्त,
कामगार आयुक्त कार्यालय,
जुनी इमारत, दुसरा मजला.

विषय : सायलो क्रमांक दोनच्या बांधकामावर मयत झालेले अभियंता 'कामगार' होते किंवा कसे, याबाबत आपण मला विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर सादर करणे.

संदर्भ : (१) मयताच्या पत्नीचा नुकसानभरपाईचा अर्ज.
(२) कंपनीचे त्यावरील लेखी म्हणणे.
(३) आपल्या कार्यालयाचे मला आलेले पत्र, ज्यात 'हो किंवा नाही इतकेच कळवावे' असे म्हटले आहे.
(४) माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते, हे मला मान्य आहे. तो शब्द मी देणारच आहे. परंतु त्या शब्दावर एका बाईचे आणि तिच्या दोन मुलींचे पुढचे सगळे अवलंबून असल्यामुळे, त्याआधीची हकिकत आपण एकदा वाचून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या पत्रात 'खुलासा नको' असेही लिहिले आहे. ते मी वाचले आहे आणि तरीही खालील मजकूर सादर करीत आहे.

१. सायलो म्हणजे सिमेंट साठवण्याचे उंच, गोल कोठार. ते बांधायची आमची पद्धत अशी की, जमिनीवर छातीइतक्या उंचीचा गोल साचा उभा करायचा, त्यात काँक्रीट ओतायचे, आणि खालचे काँक्रीट आपल्या पायावर जेमतेम उभे राहण्याइतके घट्ट झाले की जॅकने तोच साचा थोडा वर सरकवायचा. पुन्हा ओतायचे, पुन्हा सरकवायचे. साच्याला बांधलेली फळ्यांची माची त्याच्यासोबत वर चढते आणि माचीवरची माणसेही चढतात. हे काम एकदा सुरू झाले की माथा गाठेपर्यंत थांबवता येत नाही. मध्ये थांबले तर भिंतीत सांधा राहतो आणि त्या सांध्यातून पुढे पाणी आत शिरते. म्हणून सुट्टी, वारा, कोणाचे आजारपण, काही न बघता साचा चढत राहतो.

२. माचीवरचे सुतार, सळई बांधणारे, जॅकवाले आणि काँक्रीटवाले तीन पाळ्यांत काम करतात. भोंगा वाजला की एक जथा खाली उतरतो आणि दुसरा वर येतो. कोणाला जादा थांबवले तर त्याला जादा दराने पैसे मिळतात. हे योग्यच आहे, आणि त्यांच्या जादा तासांच्या चिठ्ठ्यांवर सही मीच करीत आलो आहे. अभियंत्याला मात्र पाळी नाही. साचा सरळ चढतो आहे की कलतो आहे, काँक्रीट सरकवण्याजोगे झाले की नाही, हे ठरवणारा माणूस तोच. पण तो शेवटचा केव्हा झोपला, ही कंपनीच्या दृष्टीने त्याची घरगुती बाब. ज्याच्या डोळ्यांवर सगळ्यांचा जीव, त्याच्याच डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, असा हा हिशेब आहे.

सायलो क्रमांक दोनवर असे आम्ही दोघे होतो. एक मी. दुसरे माझे सहकारी, म्हणजेच या प्रकरणातील मयत. त्यांना सगळी साइट 'ओळंबा' म्हणत असे. उंच, किडकिडीत, ताठ माणूस. आणि कितीही महागडे यंत्र आणून हातात दिले तरी दोरीला बांधलेले वजन स्वतः सोडून बघितल्याशिवाय भिंत सरळ आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसे. ते वयाने मला थोडे मोठे. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत होतो. या कागदावर मी त्यांना 'ते' म्हणत आहे, ते केवळ हा अर्ज आहे म्हणून.

३. रुजू होताना आम्हा दोघांचेही पद नुसते 'अभियंता' होते. पुढे दुसऱ्या एका साइटवरच्या कोणा अभियंत्याने जादा तासांचे पैसे मागितल्याचे आमच्या कानावर आले, आणि त्यानंतर लवकरच आम्हाला न मागता बढती मिळाली. माझ्या पत्रात लिहिले होते की, मला 'पर्यवेक्षक अभियंता' करण्यात येत असून ओळंबा माझ्या हाताखाली काम करतील. त्यांच्या पत्रात लिहिले होते की, त्यांना 'पर्यवेक्षक अभियंता' करण्यात येत असून मी त्यांच्या हाताखाली काम करीन. आम्हाला वाटले, टाइप करताना घोटाळा झाला असावा. म्हणून आम्ही दोन्ही पत्रे घेऊन मनुष्यबळ विभागातल्या बाईंकडे गेलो.

त्यांचा डबा टेबलावर उघडा होता आणि आम्ही कधी जातो याची त्या वाट बघत होत्या. त्या म्हणाल्या, "चूक कसली त्यात? अधिकारी व्हायचं तर हाताखाली एक तरी माणूस लागतो. तुमच्या हाताखाली आहे ना एक?" मी म्हटले, आहे, पण तोच माझा साहेब आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्यांच्याही हाताखाली एक आहे. झालं की!" ओळंबांनी विचारले, आम्हा दोघांचे पटले नाही तर कोणी कोणाचे ऐकायचे? बाईंनी सांगितले की असा प्रसंग अजून आलेला नाही, आल्यावर बघू. आम्ही बाहेर येऊन पोट धरून हसलो. आज ते आठवले की हसल्याचीच लाज वाटते.

४. अधिकारी झाल्याबरोबर आमची हजेरी बंद झाली, कारण अधिकारी हजेरी लावत नाहीत. त्यामुळे आम्ही किती राबलो याचा कागद उरला नाही. गेटवरचे यंत्र मात्र चालू राहिले. ते आत येण्याची वेळ टिपते, बाहेर जाण्याची टिपत नाही. सकाळी जरा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. म्हणजे उशिरा येण्यापुरते आम्ही कामगार आणि उशिरा जाण्यापुरते अधिकारी. लेखा विभागात विचारले तेव्हा 'शिस्त सगळ्यांना सारखी' असे उत्तर मिळाले. पर्यवेक्षण भत्ता म्हणून जी रक्कम मिळू लागली तिच्यात महिन्याचा चहासुद्धा भागला नसता. परंतु तो भत्ता आम्ही निमूटपणे घेतला, त्याअर्थी आम्ही अधिकारी असल्याचे आम्हाला मान्य होते, असे कंपनीने आता लिहून दिले आहे. तो परत करायला मी तयार आहे. कुठल्या खिडकीवर करायचा, हे कोणी सांगत नाही.

५. आम्ही दोघे एकदा आपल्या कार्यालयातही आलो होतो. खिडकीवरच्या कारकुनांनी आमची पदे ऐकूनच मान हलवली. "इंजिनिअर लोकांचं आमच्याकडे येत नाही. शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, तुमचं तुम्हाला बघता यायला पाहिजे." तेव्हा आम्ही बढतीची दोन्ही पत्रे त्यांच्यापुढे ठेवली. ती वाचून ते बराच वेळ हसले, शेजारच्यालाही दाखवली. मग डोळे पुसत म्हणाले, "असं करा, दोघांतला साहेब कोण ते आधी ठरवून या. जो साहेब नसेल त्याचा अर्ज घेतो." परत जाताना बसथांब्यावर ओळंबांनी छापा-काटा करू या म्हणून खिशात हात घातला. सुटे नाणे निघाले नाही, बस आली, आणि विषय तिथेच राहिला. त्यानंतर मी पाठवलेले अर्ज संदर्भ चारमध्ये नमूद आहेत.

६. आता ज्या दिवसाबद्दल आपण विचारता त्या दिवसाकडे येतो. साचा तेव्हा निम्म्याच्या वर चढला होता. तिसरा अभियंता दुसऱ्या साइटवरून निघाला आहे, असे आम्हाला रोज सांगण्यात येत होते. तो आला नाही. पुढे कळले की त्यालाही आमच्याकडून एक अभियंता निघाला आहे असे सांगून तिकडे थांबवून ठेवले होते. मी आदल्या सकाळी माचीवर चढलो होतो तो अजून माचीवरच होतो, आणि माझ्या अंगात ताप होता. ओळंबा त्यांच्या वाट्याचे काम संपवून खाली गेले होते खरे, पण खालच्या पत्र्याच्या खोलीत काँक्रीटच्या ठोकळ्यांची तपासणी अडून होती. ती करायलाही अभियंताच लागतो, म्हणून ते तिथे बसले. म्हणजे झोपले तेही नव्हते.

सकाळी ते वर आले. मी एका जॅकवाल्याला एकच सूचना पुन्हा पुन्हा देत होतो आणि तो बिचारा दर वेळी "हो साहेब" म्हणत होता, हे त्यांनी ऐकले. साचा सरकवायची शिट्टी माझ्या गळ्यात होती. ती त्यांनी काढून स्वतःच्या गळ्यात घातली, मला पुढे घालून शिडी उतरवली आणि हाताला धरून गेटपर्यंत आणले. सगळी माची बघत होती. मला राग आला होता, हेही सांगून टाकतो.

७. गेटवर मी अडून बसलो. तूही झोपलेला नाहीस, मी जाणार नाही, असे म्हणालो. तेव्हा त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि पहारेकऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे, मी तुझा साहेब आहे की नाही? कंपनीनं लिहून दिलंय. मग हुकूम समज. घरी जा, झोप काढ, आणि उद्यापर्यंत मला तोंड दाखवू नकोस." पहारेकरी हसले. मीही हसलो, टाच जुळवून सलाम ठोकला आणि निघालो. इतक्या वर्षांत आम्हा दोघांपैकी एकाने दुसऱ्याला दिलेला हा पहिला हुकूम. मी तो पाळला, कारण मला तो पाळायचाच होता. माझ्याच्याने उभे राहवत नव्हते. घरी जाऊन मी बूट न काढता आडवा झालो. ते माझ्या पत्नीने काढले.

८. दुपारच्या जेवणाआधी ओळंबा पडले. साच्याच्या खाली एक लोंबती माची असते. तिच्यावर उतरून ते भिंतीचा सरळपणा बघत होते. वर उभा असलेला जॅकवाला सांगतो, "साहेब दोरीकडं बघत होते. बघता बघता त्यांचे डोळे मिटले. मी हाक मारली तर हो म्हणाले, आणि तसेच गेले." त्यांच्या कमरेला पट्टा होता. पट्ट्याचा आकडा एका दांडीवरून काढून दुसऱ्या दांडीला लावायच्या मधल्या क्षणात ते होते. जागा माणूस हे न बघता करतो. त्यांनी ते आयुष्यभर केले होते.

साचा त्यानंतरही थांबला नाही. मला फोन आला तो ते गेल्याचा नव्हता. 'माचीवर अभियंता नाही, ताबडतोब या' असा होता. ते गेल्याचे मला गेटवर पोहोचल्यावर पहारेकऱ्यांच्या तोंडावरून कळले. आणि मी वर गेलो. का गेलो ते मला कोणी विचारू नये. गाड्या काँक्रीट घेऊन रांगेत उभ्या होत्या, पाळीतली माणसे माझ्याकडे बघत होती, आणि मला दुसरे काही सुचले नाही. ज्या दोरीपाशी ते उभे होते त्याच दोरीपाशी मी उभा राहिलो. भिंत सरळ होती.

९. त्यांच्या अंत्यविधीसाठी मी एका दिवसाची रजा मागितली. आमच्याकडे रजा संगणकावर मागतात आणि ती लगतच्या वरिष्ठांकडे मंजुरीसाठी जाते. माझे वरिष्ठ ओळंबा. त्यामुळे माझी रजा 'वरिष्ठांकडे प्रलंबित' असे दिसू लागले. मी मंजुरीशिवाय गेलो आणि त्या दिवसाचा पगार कापला गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पुढच्या आठवड्यात संगणकाने मला आपणहून कळवले की, आपल्या वरिष्ठांनी अद्याप निर्णय घेतलेला नसल्याने आपण त्यांना प्रत्यक्ष भेटून आठवण करून द्यावी. हे वाचल्यावर मी संगणक तसाच चालू सोडून बाहेर गेलो.

त्यानंतर वार्षिक मूल्यमापन आले. माझ्या हाताखालच्या अभियंत्याच्या कामाबद्दल मी अभिप्राय द्यायचा होता. मी 'मयत' असे लिहिले. ते परत आले. 'सुधारणेस वाव' हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, असा शेरा होता. मी पुन्हा मनुष्यबळ विभागातल्या त्या बाईंकडे गेलो आणि ओळंबांचे नाव यादीतून काढावे म्हणून हात जोडले. या खेपेला त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. त्या म्हणाल्या, "नाव काढलं तर तुमच्या हाताखाली कोणी उरत नाही. मग तुम्ही कामगार ठरता. वरून सांगितलंय, नवा माणूस येईपर्यंत राहू द्या. माझ्या हातात काही नाही हो." त्यामुळे आजच्या तारखेला ओळंबा कंपनीच्या यादीत कामावर आहेत. ते माझे साहेबही आहेत आणि माझ्या हाताखालीही आहेत. त्यांच्या सुटीची मंजुरी माझ्याकडे आहे.

१०. मयताच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, त्यांनी आपल्याकडे भरपाईचा अर्ज केला आहे. मयत कामगार असतील तर त्या अर्जाचा निवाडा आपल्या कार्यालयात होईल. मयत अधिकारी असतील तर वहिनींनी दिवाणी न्यायालयात जावे, असे कंपनी म्हणते, आणि तिथे थोरलीचे शिक्षण संपून धाकटीचे सुरू झाले तरी तारखा संपणार नाहीत हे आपणच माझ्यापेक्षा जास्त जाणता. कंपनीची खोली त्यांना रिकामी करायची आहे. सामान अर्धे बांधून झाले आहे, आणि अर्धे कुठे न्यायचे हे ठरत नाही म्हणून तसेच पडले आहे. मी गेलो तेव्हा वहिनी त्या गाठोड्यांमध्ये बसून ओळंबांच्या शर्टांच्या घड्या करत होत्या आणि पुन्हा मोडत होत्या.

थोरल्या मुलीने शाळेचा फॉर्म भरायला घेतला होता. तिने मला विचारले, "काका, बाबा अधिकारी होते की कामगार? इथं दोनच आहेत." मी म्हटले, अभियंता लिही. ती म्हणाली, "तसा रकानाच नाहीये." एवढ्या मोठ्या कंपनीला आणि आपल्या कार्यालयाला जे ठरवता आलेले नाही, ते त्या पोरीने पेन हातात धरून एका जागी बसून ठरवायचे होते.

११. कंपनीने आपल्या लेखी म्हणण्यात बढतीच्या पत्रांवर फारसा भर दिलेला नाही. ती दोन शेजारी शेजारी ठेवली की कोणालाही हसू फुटते, हे त्यांच्या वकिलांना कळते. त्यांनी भर दिला आहे तो गेटवरच्या पहारेकऱ्यांच्या जबाबावर. मयताने मला घरी जाण्याचा हुकूम दिला आणि मी तो तिथल्या तिथे पाळला, त्याअर्थी मयत प्रत्यक्षात अधिकार चालवत होते, असे त्यांचे म्हणणे. पहारेकरी मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, त्यांनी विचारलं काय ऐकलंस, मी ऐकलं तसं सांगितलं. चांगलंच सांगितलं ना मी? किती मायेचा माणूस होता, हे कळू दे म्हटलं सगळ्यांना." मी हो म्हटले. त्यांना काय सांगणार?

१२. आपला प्रश्न असा : 'मयताच्या हुकुमावरून आपण कामाची जागा सोडली काय?' मी 'हो' म्हटले, तर ते अधिकारी ठरतात आणि वहिनींचा अर्ज निकालात निघतो. मी 'नाही' म्हटले, तर त्यांना कामगार ठरवण्याच्या आड येणारी एकच गोष्ट दूर होते. परंतु मग चालू काम वाऱ्यावर टाकून, माचीवर एकट्या माणसाला ठेवून, मी परवानगीशिवाय निघून गेलो असे होते. कंपनीच्या वकिलांनी मला बोलावून चहा पाजला आणि हे नीट समजावून दिले. नोकरी जाईल, पोलिसांकडे कागद जाईल, आणि यापुढे कुठल्याही साइटच्या गेटमधून मला आत घेणार नाहीत. त्यांनी आवाज जरासुद्धा चढवला नाही. शेवटी म्हणाले, "आम्ही कुठं तुम्हाला खोटं बोला म्हणतोय? उलट जे झालं ते खरं खरं सांगा, एवढंच तर म्हणणं आहे." आणि ते बरोबर बोलत होते. या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड त्याचीच आली.

घरी येऊन मी हे पत्नीला सांगितले. आम्हालाही घर आहे, हप्ते आहेत, माझ्या आईची औषधे आहेत. तेव्हा ती मला आवरेल असे मला वाटले होते, आणि खरे सांगायचे तर तिने आवरावे अशी आशाही होती. ती भांडी विसळत होती. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही वर राहिला असतात, तर आज हा अर्ज ते लिहीत बसले असते. त्यांनी काय लिहिलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे." मग तिने नळ बंद केला आणि दिवा लावून दिला, मला लिहायला उजेड पुरत नव्हता म्हणून.

१३. कायदा मला कळत नाही, परंतु माझ्या परीने मी असे म्हणतो. थकलेल्या माणसाला झोपायला पाठवणे यात कसला अधिकार आहे? ते कोणीही कोणालाही म्हणतो. आम्हाला घरी पाठवण्याचा, काम थांबवण्याचा, तिसरा माणूस आणण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी तो वापरला नाही, आणि त्यांची नावे या प्रकरणात कुठेही नाहीत. ओळंबांना मला घरी पाठवता आले. स्वतःला पाठवता आले नाही. जो माणूस झोप अनावर झाली असताना स्वतः घरी जाऊ शकत नाही, तो अधिकारी कसा? हे आपल्याला पटत असेल, आणि तसे लिहिणे आपल्या अधिकारात बसत असेल, तर हा संपूर्ण अर्ज माझा जबाब समजावा, माझे उत्तर 'हो' धरावे, आणि तरीही त्यांना कामगार ठरवावे. माझी पहिली प्रार्थना ही आहे.

१४. ते आपल्या अधिकारात बसत नसेल, तर हा अर्ज मला परत करावा किंवा फाडून टाकावा, आणि सोबत जोडलेला स्वतंत्र कागद तेवढा फाईलला लावावा. तो फक्त आपल्या प्रश्नाला धरून आहे, त्यात खुलासा नाही, आणि त्यावरही माझी सही आहे. दोन्ही कागद एकत्र लावू नयेत. त्यांतला एकच खरा आहे, आणि कुठला ते आपल्याला कळले आहे. आपल्या हातात मी हे का देतो आहे, असे आपल्याला वाटेल. एका तरी साहेबाला खरे काय ते माहीत असावे, एवढ्यासाठी. उद्या सुनावणीत आपण मान वर करून माझ्याकडे बघाल तेव्हा मला ते कळेल.

सरकारी कार्यालयात खोटे लिहून देण्याची शिक्षा काय असते, याची मी चौकशी केली आहे. तिची मला भीती वाटते, नाही असे नाही. पण रात्री झोप लागत नाही ती त्या भीतीने नाही. त्याने माझ्यासाठी केलेली शेवटची गोष्ट मी माझ्याच सहीने पुसून टाकणार आहे, आणि ती झालीच नाही असे त्याच्या मुलींना पुढे कधीतरी वाचायला मिळेल. मी त्यांच्या बापाला वर एकटा टाकून गेलो, असे त्या धरून चालतील. ते मी सोसेन. त्यांना राहायला खोली मिळाली पाहिजे.

उद्याच्या सुनावणीस मी वेळेवर हजर राहीन. रजा मागितलेली आहे. ती नेहमीप्रमाणे वरिष्ठांकडे आहे.

आपला नम्र, आणि कागदोपत्री अद्याप अधिकारी,

(सही)
पर्यवेक्षक अभियंता, सायलो क्रमांक दोन
दिनांक : सुनावणीच्या आदल्या दिवशी

सोबत :
१. बढतीची दोन्ही पत्रे, एकाच पानावर शेजारी शेजारी घेतलेली झेरॉक्स.
२. अंत्यविधीच्या रजेच्या अर्जाची प्रत, 'वरिष्ठांकडे प्रलंबित' या शेऱ्यासह.
३. परिच्छेद १४ मध्ये म्हटलेला स्वतंत्र कागद. त्यावरील संपूर्ण मजकूर पुढीलप्रमाणे :

'आपल्या प्रश्नाचे उत्तर : नाही. मी कोणाच्याही हुकुमावरून घरी गेलो नाही. मला काम नको झाले होते म्हणून मी परवानगी न घेता निघून गेलो. गेटवर ते मला काय म्हणाले, तिकडे मी लक्ष दिले नाही. ते काहीही म्हणाले असते, थांब म्हणाले असते, तरी मी थांबलो नसतो. ते माझे साहेब नव्हते.'